आधी बर्फ, मग रडणं

जोलीन,

मी पेट्रोलपंपावर बर्फ आणायला गेलेय. आपला फ्रीजर बंद पडला आणि साठवलेल्या बर्फाच्या सगळ्या पिशव्यांचं पाणी झालं. बाबांना सांगू नकोस, त्यांच्या जिवाला घोर लागेल.

नर्स म्हणाली, आजचा दिवस निघणं कठीण आहे. पुढे कधीतरी जागं करता येईल म्हणून बाबांना गोठवून टाकीत ठेवणाऱ्या कंपनीची माणसं फिनिक्सहून निघालीत. मी यायच्या आत बाबा गेले, तर शेजारच्या मार्व्हिनकडचा बर्फ आण आणि आधी डोक्याभोवती लाव. त्यांच्या मनगटावरच्या पोलादी पट्टीवर कंपनीचा नंबर कोरलाय, तिथे फोन कर. मग काय ते रड. पाद्रीबाबांना बोलवायचं नाही. तुझा मामा बडबडेल, "मेलेल्या माणसाला कुणी फ्रीजमध्ये ठेवतं का?" त्याला म्हणावं, गप बस.

बाबा तुला विचारतील, "आईसुद्धा शेजारच्याच टाकीत येणार ना गं?" तू हो म्हण. मी रोज हो म्हणते आणि माझ्या हातातली पट्टी दाखवते.

ती त्यांचीच जुनी पट्टी आहे. मी त्या कंपनीत माझं नाव नोंदवलेलंच नाही. तुझा भाऊ टोबी इतक्या लहानपणी गेला, आणि टेकडीवरच्या त्या दफनभूमीत एकटा पडलाय. मी गेले की ही पट्टी काढून टाक आणि मला त्याच्या शेजारी ठेव.

बाबा खरंच कधी जागे झाले, तर आधी मलाच हाका मारतील. तेव्हा त्यांना खरं सांगायला आपल्यातलं कुणी उरलेलं नसेल, तेवढंच बरं.

आई