आगीच्या प्रश्नाचे उत्तर

चि. छबूस दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझी लेक खुशाल आहे, खोकलाही गेला. बाळ चालू लागले का?

एक गोष्ट मात्र लपवणे योग्य नाही. प्रवेशचाचणीत एक गुण कमी पडला, म्हणून शाळेने तिला मंद मुलांच्या तुकडीत बसवले आहे. ‘घराला आग लागल्यास प्रथम काय कराल?’ या प्रश्नाला तिने लिहिले, ‘बाळाला उचलून बाहेर पळेन.’ उत्तरसूचीत ‘अग्निशमन दलाला फोन’ असल्याने शून्य मिळाले.

आपल्या गल्लीत बंब शिरतच नाही, हे मी मुख्याध्यापकांना सांगितले. ते म्हणाले, “सर, उत्तरसूचीवर सही तुमचीच आहे.” नोकरीत असताना ती मीच केली होती.

काल तिने विचारले, “मामा, मग आधी कुणाला उचलायचं होतं?”

तिला काय सांगावे, ते तूच कळव.

तुझा,
दादा