आडवा पडलेला ग्रह

रविवार, १४ सप्टेंबर

प्रिय बयो,

सकाळी उठलो, चहा केला, कपडे धुऊन वाळत घातले. दुपारच्या खेळाला सिनेमाला गेलो. घरी आलो, तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. आता खिडकीजवळ बसून हे लिहितो आहे. कुकर लावायचा आहे, तो अजून लावलेला नाही.

तू मेसेज केला होतास, "बाबा, तो सिनेमा बघू नका. मीही बघणार नाही." मी "ठीक आहे" असं कळवलं होतं. तरी गेलो. साऱ्या गावाने आमच्यावरचा सिनेमा बघायचा आणि आम्हीच घरात बसायचं, हे मला पटेना. तुझी आई असती तर पहिल्याच दिवशी गेली असती. वर मध्यंतरात म्हणाली असती, "अहो, तुमच्या जागी फारच देखणा माणूस घेतलाय, तक्रार करा." तिकिटाच्या काचेमागच्या मुलीने काहीतरी विचारलं आणि एक बोट वर केलं. मी मान हलवली. आई जाऊन आठ महिने होत आले, पण एकच तिकीट काढायची माझी ही पहिलीच वेळ.

सुरुवातीलाच पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, सत्य घटनेवर आधारित. मग आमचं घर आलं. त्याला आतून जिना होता. आपल्या दोन खोल्यांत जिना कुठे मावला असता, कोण जाणे. सिनेमातली आई आरशासमोर उभी राहून खाणाखुणांची तालीम करते आणि नवरा बावळटासारखा त्या पाठ करतो. लोक खूप हसत होते. हसणं मला खांद्यांवरून कळतं. पुढच्या रांगेतले खांदे सारखे हलत होते. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी तर हसताहसता माझ्या गुडघ्यावर थाप मारली. मीही हसलो. ते कोणाच्या गुडघ्यावर थाप मारत होते, हे त्यांना माहीत नव्हतं.

तू तेव्हा तिसरीत होतीस. तुला ते तुकड्यातुकड्यांनी आठवत असेल, म्हणून सलग सांगतो. टीव्हीवरच्या प्रश्नांच्या त्या कार्यक्रमासाठी आधी लेखी परीक्षा होती, तिच्यात मी पहिला आलो. छापखान्यात कागदाचं रीळ बदलेपर्यंत मी वाचत बसायचो. पेपरच्या ग्रंथालयातले ज्ञानकोशाचे जुने खंड मला घरी नेऊ देत नसत, म्हणून मशीनजवळच वाचले. स्टुडिओत पहिल्या फेऱ्या सोप्या गेल्या, कारण प्रश्न फळ्यावर लिहून येत. शेवटची फेरी मात्र तोंडी होती. दिवे मंद केले, उजेड फक्त माझ्यावर. प्रश्न विचारणारा बाजूला अंधारात गेला आणि त्याने माइक तोंडासमोर धरला. घरची माणसं समोर पहिल्या रांगेत बसवली होती, तिथवर माझ्यावरचा उजेड पोचत होता. तू मावशीकडे होतीस. मी आईकडे बघितलं. तिचे ओठ हलले. मी उत्तर दिलं. पुढच्या प्रश्नाला पुन्हा तसंच, त्याच्या पुढच्यालाही. "सूर्याभोवती जवळजवळ आडवा पडून फिरणारा ग्रह कोणता?" मी आईकडे बघितलं आणि "युरेनस" म्हणालो. एवढ्यात कोणीतरी हात वर करून चित्रीकरण थांबवलं.

पुढचं तुला माहीत आहे. टीव्हीवर तेवढाच तुकडा संथ करून दाखवला, मी वळून बघतोय आणि तिचे ओठ हलताहेत. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. तो पेपर माझ्याच मशीनवर छापला गेला. अर्धं तोंड उघडलेली तुझी आई एकामागून एक माझ्या हाताखालून सरकत होती आणि मी शाई बघत होतो, फिकी नको, गडद नको. मशीनवरचा माझा जोडीदार म्हणाला, "उस्ताद, शाई वाढवू का? की आधी वहिनींना विचारून येता?" त्याच्या मनात वाईट नव्हतं. सगळेच हसले.

तुला शाळेत युरेनस म्हणायला लागले. तू दप्तर भिरकावून दिलंस आणि आईसमोर जाऊन उभी राहिलीस. "आई, तू सांगितलंस का? खरं सांग." ती चादरीची घडी घालत होती. घडी पुरी केली आणि म्हणाली, "हो." पेपरवाल्यांनाही तिने तेच सांगितलं होतं. "माझ्याकडून झालं, त्यांना काही बोलू नका." त्यानंतर तुमच्या दोघींच्यात जे आलं, ते पुरतं कधी गेलं नाही. स्नेहसंमेलनात तुला नाटकात काम होतं. तू तिला बजावलंस, "तू येऊ नकोस. आलीस तर पुढे बसू नकोस." ती आली. शेवटच्या खांबाआड माझ्याजवळ उभी राहिली आणि नाटक संपेपर्यंत रुमाल तोंडावर धरून होती. तिचे ओठ हलताना कोणाला दिसू नयेत आणि त्यावरून तुला कोणी काही बोलू नये, म्हणून. बयो, त्या नाटकात तू काय बोललीस, ते मला अजून माहीत नाही.

माझे कान त्याआधीच गेले होते. तुझा जन्म होण्यापूर्वीपासून ते हळूहळू जात होते. छपाईच्या रोटरी मशीनच्या धडधडीशेजारी उभं राहून अनेकांचे जातात, पण माझे फार लवकर गेले. मशीन सुरू करण्याआधी घंटा होते. ती ज्याला ऐकू येत नाही, त्याला यंत्रघरात ठेवत नसत. फाटकावर नाहीतर गोदामात बसवत. मला घंटा पायांतून कळायची, पायाखालची लोखंडी जाळी थरथरायची. पण हे डॉक्टरला कोण सांगणार? वर्षाच्या तपासणीला मी डॉक्टरच्या तोंडाकडे बघून उत्तरं द्यायचो आणि पास व्हायचो.

बाकी सगळं तुझ्या आईने निभावलं. ती टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती, तुला ते दिवस थोडे आठवत असतील. आलेला नंबर जोडण्याआधी एकदा म्हणून दाखवायचा, हे तिथलं वळण. तेच वळण ती घरी घेऊन आली. दारात कोणी आलं, दुकानदार काही म्हणाला, तू काही विचारलंस, की आधी माझ्याकडे तोंड करून, आवाज न करता ते पुन्हा म्हणायची आणि मग मी बोलायचो. लोकांना वाटायचं, हा माणूस बायकोला विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. वाटू दे, म्हणायची ती, त्यात माझाच रुबाब वाढतो. तुला वाटायचं, बाबा अबोल आहेत, आपल्या बोलण्यात त्यांना रस नाही. तू मागून यायचीस, काहीतरी सांगायचीस आणि मी पेपर वाचत राहायचो. मग तू पाय आपटत जायचीस. पाय आपटलेले मात्र मला कळायचे.

स्टुडिओतही मी सवयीने तिच्याकडे वळलो आणि तिनेही सवयीने प्रश्न म्हणून दाखवला. प्रश्न, बयो. उत्तर नव्हे. आज सिनेमात ती नटी ओठांनी एकच शब्द म्हणाली, चांगला मोठा करून. मला तो लगेच वाचता आला. तुझ्या आईचे ओठ किती वेळ हलत होते, ते त्या जुन्या तुकड्यात अजूनही दिसतं. कितीही संथ केलं, तरी एका ग्रहाच्या नावाला एवढा वेळ लागत नाही. ती अख्खं वाक्य म्हणत होती. पण त्या वेळी कोणी वेळ मोजला नाही आणि आम्हीही कोणाला मोजायला सांगितलं नाही.

उत्तर तिला माहीतच नव्हतं. स्टुडिओतून आम्हाला मागच्या दाराने बाहेर काढलं. आम्ही बसमध्ये बसलो. मला वाटलं, आता ही रडेल. तर ती माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, पण तो ग्रह आडवा का पडलाय?" मी सांगितलं की फार पूर्वी कशाची तरी मोठी धडक बसली असावी, असं शास्त्रज्ञ म्हणतात. "आणि तरी फिरतोय?" म्हणाली. मी म्हटलं, "फिरतोय." उतरायच्या आधी तिने ठरवून टाकलं. "मी हो म्हणणार. लबाडी लोक चार दिवसांत विसरतील. तुमच्या कानांचं कळलं, तर छापखाना कायमचा सुटेल. मशीन सोडून तुम्ही जगाल का?" मी नको म्हणालो. ती दुसरीकडे तोंड करून बसली. तिने तोंड फिरवलं की आमचं भांडण संपायचं, कारण मग तिचं मला काही कळायचंच नाही.

निवृत्त झालो, तेव्हा मी म्हटलं, आता पोरीला सांगू. ती म्हणाली, "आता कशाला? तिला वाटेल, म्हातारपणी सारवासारव चाललीय. ती येते, जेवते, हसते, तेवढं मला पुरे." कानाचं यंत्रही तिनेच आणवलं. त्याने आवाज मोठे होतात, शब्द काही सुटे होत नाहीत. ते टेबलाच्या खणात पडून आहे. तुझे फोन येतात, तेव्हा मोबाइल टेबलावर थरथरतो आणि तुझं नाव दिसतं. आई होती तोवर तीच उचलायची. मी उचलत नाही आणि मग "ठीक आहे" असा मेसेज करतो. तुला ते कसं वाटत असेल, याचा विचार मी रोज करतो.

हे सगळं आज लिहायचं कारण सिनेमा नाही. सिनेमा गेला उडत. इस्पितळातल्या त्या संध्याकाळी आईच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तू तिच्या उशाशी होतीस, तिच्या तोंडाजवळ कान नेऊन. मी पायाशी उभा होतो. तिने डोळे उघडले, माझ्याकडेच बघितलं आणि काहीतरी म्हणाली. मास्क आतून धुरकट झाला, निवळला आणि पुन्हा धुरकट झाला. मला तिचे ओठ दिसले नाहीत. तू ऐकलंस आणि माझ्याकडे बघितलंस, मी काय म्हणतो याची वाट बघत. काही कळलं नाही की मी आयुष्यभर जे करत आलो तेच केलं, हसून मान हलवली. तुझा चेहरा उतरला आणि तू उठून बाहेर गेलीस. तेव्हापासून आपलं बोलणं मेसेजपुरतं उरलंय. मी कशाला हो म्हटलं, ते मला माहीत नाही. तिने काय विचारलं, तेही माहीत नाही. दुसऱ्या कोणाला विचारता येण्यासारखं ते नाही. तेव्हा ती जे म्हणाली, ते जसंच्या तसं लिहून पाठव. मला वाईट वाटेल म्हणून बदलू नकोस आणि त्यात तुझं काही घालू नकोस. नुसता प्रश्न कळव. उत्तर मी देईन.

अंधारून आलं. आता उठतो आणि कुकर लावतो. शिट्टी झाली की आई स्वयंपाकघराच्या दारातून बोट वर करून दाखवायची. आता मीच कुकरसमोर उभा राहतो, शिट्टी वर उचलली जाताना दिसेपर्यंत.

तुझाच,
बाबा