तिसऱ्या खंडापासून

प्रिय ठोंब्या,

परवा फोनवर तू पुन्हा विचारलंस, "आई, पुस्तकं उघडलीस का?" आणि मी दारावर कोणीतरी आलंय म्हणून फोन ठेवला. दारावर कोणी नव्हतं. उत्तर फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र. नीट बसून सलग वाच, शेवटावर उडी मारू नकोस.

तुझे बाबा गेल्यावर टीव्हीवरच्या त्या ड्रॅगनवाल्या मालिकेचा नाद तूच मला लावलास. दर शनिवारी तू तिकडे, मी इकडे, एकाच वेळी भाग सुरू करायचा आणि फोन कानाला. आधी मला ओ की ठो कळायचं नाही. कोण कोणाचा भाऊ, कुठला ड्रॅगन कोणाच्या बाजूचा. मग तो म्हातारा नावाडी आला, राणीला धुक्यातून पार नेणारा, सदा कुरकुरणारा, आणि मी पुरती अडकले. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी त्याला मारलं तेव्हा तीन दिवस मला जेवण गेलं नाही. मालिका ज्या कादंबरीवरून काढली तिचे पाचही खंड तू पाठवून दिलेस, मी ते वेष्टनासकट कपाटावर ठेवले. नोकरीत दिवसभर लोकांच्या आतलं बघायचं माझं काम. शनिवारी तरी पुढचं आधी दिसू नये, एवढंच वाटायचं.

मार्चमध्ये एक गृहस्थ उजवं मनगट छातीशी धरून माझ्या एक्स-रेच्या खोलीत आले. आमच्या हॉस्पिटलात नवी लिफ्ट बसवत होते, तिचे मुख्य मेकॅनिक. लिफ्टमधून नव्हे, जिन्यावरून पडले होते, आणि हे सांगताना स्वतःच खो खो हसत होते. डाव्या काखेत आपल्या मालिकेचा तिसरा खंड! मी आधीच बजावलं, पुढचं काही सांगायचं नाही, नावाडी मेल्यापासून माझं तसंही लक्ष उडालंय. त्यांनी माझ्याकडे इतक्या कणवेने पाहिलं, जणू हात माझाच मोडलाय. म्हणाले, "मेला? कोण म्हणतं?" हलू नका, हे मी त्यांना सांगायचं, पण पहिली प्लेट माझ्याच गडबडीने वाया गेली.

हाडाला दोन ठिकाणी तडा होता. सहा आठवडे प्लास्टर. तरी देखरेखीला ते रोज यायचे, आणि साडेबाराला माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर डबा संपवून पुस्तक मांडीवर घ्यायचे. एका हाताने ते धूड उघडं राहीना. पान उलटलं की फटकन मिटायचं, आणि ते पुन्हा पहिल्यापासून पान शोधायचे. दोन दिवस मी बघितलं. तिसऱ्या दिवशी जाऊन पुस्तक हातात घेतलं आणि विचारलं, कुठून वाचू? माझं वाचन सुरू झालं ते असं, तिसऱ्या खंडाच्या मधूनच. नावाडी परतला त्या पानावर मी अशी ओरडले की समोरचे दोन पेशंट दचकून उभे राहिले. आणि तुला हे ठाऊक होतं! ठाऊक असून तीन दिवस माझं मुसमुसणं ऐकत राहिलास, लबाडा!

प्लास्टर निघालं. तपासणीची प्लेट मीच काढली. हाड इतकं सुरेख जुळलं होतं की शिकाऊ डॉक्टरांना दाखवावं. दुसऱ्या दिवशी मात्र गृहस्थ म्हणाले, पुस्तक धरलं की अजून ठणकतं हो. आणि ती प्लेट डोळ्यांनी पाहिलेली मी म्हणाले, ठणकणारच, जपायला हवं. घरी जाऊन कपाटावरच्या चौथ्या खंडाचं वेष्टन फाडलं.

लिफ्ट सुरू झाली, त्यांचं काम दुसऱ्या इमारतीत गेलं. साडेबारा काही चुकले नाहीत. त्यांची बायको जाऊन बारा वर्षं झाली. तिच्याबद्दल ते मोकळेपणाने बोलतात, म्हणून मलाही जमलं. तुझे बाबा प्रत्येक सिनेमात मध्यंतराआधीच कसे घोरायचे ते सांगितलं आणि रडायच्या ऐवजी मी हसले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. हे म्हणाले, "त्यांचं नि माझं जमलं असतं." खरंच जमलं असतं रे.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर: हो, वाचली. पाचवा खंड गुरुवारी संपला, पहिले दोन आता वाचते आहे. शेवटचं पान झाल्यावर मी पुस्तक मिटून त्यांच्या हातात दिलं. मग त्यांनी सरळ विचारलं, आणि मीही सरळ हो म्हटलं. मुलाला विचारून सांगते, असं म्हणाले नाही. रागावू नकोस, तसं म्हणायचं सुचलंच नाही, इतका आनंद झाला होता. पुढच्या महिन्याच्या चौदा तारखेला विवाह नोंदणी कचेरीत सकाळी अकराची वेळ मिळाली आहे. त्यांच्या बाजूने त्यांची बहीण आणि मेहुणे साक्षीदार म्हणून सही करणार आहेत. माझ्या बाजूची जागा मी कोरी ठेवली आहे. ती तुझी. येशील ना?

तुझीच,
आई