सत्तूर धरायची मूठ

ता. ४ जून
चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं दिसलं, तेव्हाच ओळखलं की नातीनं संधिवाताच्या गोळ्या सोडल्या. आठवड्याची गोळी शनिवारी घेतेस, रविवारी मळमळतं, आणि दुकानात मटणाला रांग रविवारीच. मटण तोडायच्या ओंडक्यापाशी ओकलीस म्हणून नवऱ्यानं गिऱ्हाइकांदेखत कमरेत लाथ घातली. म्हणून गोळी बंद. अगं, लाथ त्याची आणि शिक्षा स्वतःच्या हाताला?

मीही बरं वाटलं की गोळ्या सोडून द्यायचे. आता बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी झालीत. पोलक्याचं बटण शेजारीण लावते, आणि लावता लावता जगाच्या चहाड्या सांगते.

दुकान तुझ्या बापानं तुला दिलंय. ज्याच्या हातात सत्तूर त्याचं दुकान, असं नवरा म्हणतो ना? मग हात सांभाळ. सोमवारी दुकान बंद असतं. डॉक्टरीणबाईंना विचारून गोळी रविवारी रात्री घे आणि सोमवारी खुशाल ओक.

लोभ आहेच, लिहून वाढत नाही.
तुझी आजी

ता. २८ जुलै
ती. आजीस,
सा. न. वि. वि.

डॉक्टरीणबाईंनी गोळीचा वार बदलून दिला. न विचारता गोळ्या सोडल्या म्हणून आधी चांगली झाडली. नवऱ्यानं गोळ्यांची पट्टी आतड्यांच्या बादलीत फेकली. मी हात घालून काढली, धुतली. सुजलेली बोटं सरळ करतो म्हणून त्यानं एकेक धरून ओढलं. ओरडले तर म्हणाला, यापेक्षा बकरी बरी. गोळ्या आता मिठाच्या बरणीशेजारी असतात, स्वयंपाकघरात तो पाऊल टाकत नाही. सकाळी मूठ अजून मिटत नाही.

माया पातळ करू नकोस.
भिंगरी

ता. १९ ऑक्टोबर
ती. आजीस,
सा. न. वि. वि.

मूठ मिटते.

काल नवऱ्यानं दिराला दुकानात आणून उभं केलं आणि किल्ल्या मागितल्या. नाही म्हटलं, तर माझं डोकं ओंडक्यावर आपटून दाबून धरलं. सत्तूर शेजारीच होता. नवऱ्याच्या अंगठ्याचं टोक गेलं. रक्त नेहमीच्याच मोरीतून गेलं. टाके घालून तो दिराकडे राहायला गेलाय. किल्ल्या माझ्या कमरेला आहेत.

रागावलीस तरी पत्र टाक.
भिंगरी

ता. २६ ऑक्टोबर
चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

टोकच का, असं विचारणार होते. पण हात नुकता सुधारतोय, एकदम जोर नको.

चौकीवर बोलावलं तर डोक्याची खोक आधी दाखव, मग तोंड उघड. तुझी रविवारची गोळी चुकवू नकोस. त्यालाही जखमेसाठी गोळ्या दिल्या असतील. निरोप धाड, म्हणावं पुरत्या घे. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नकोस.

तुझी आजी