खिडकी लावून तालीम

४ जून
घरात सिगारेट ओढणाऱ्या बंधूंनो, आपल्याला सगळीकडून हाकललं जातंय. कचेरीतून, बसमधून, आता स्वतःच्या बैठकीच्या खोलीतूनही. (रोजनिशीसुद्धा भाषणासारखी सुरू होते. इलाज नाही.)
निमित्त हिच्या साखरेचं. डॉक्टर म्हणाले, अजून मधुमेह नाही, पण काठावर आहे. मग विचारलं, घरात कोण ओढतं? म्हटलं, मी. पण साखर हिची वाढलीय. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहून खाली दोन रेघा मारल्या. मुद्दा पटला असावा.

५ जून
संकल्प: साखर हद्दपार. डबा स्वतः शेजारणीला देऊन आलो. ही म्हणाली, मी बिनसाखरेचाच चहा पिते, साखर तुम्हाला लागते. विषयांतर. सोडून दिलं.

९ जून, संध्याकाळ
युनियनच्या सभेची तयारी. विषय: कारखान्यातली हवा. भट्टीपाशी पंखे मिळालेच पाहिजेत. तालीम नेहमीप्रमाणे खिडकी लावून. समोर विरोधी गटाचा सेक्रेटरी राहतो, मुद्दे ऐकून सभेच्या आदल्या दिवशी स्वतःच्या नावावर खपवतो. ही समोरच्या खुर्चीत. लग्नापासून माझं प्रत्येक भाषण आधी हिनं ऐकलंय. सिगारेट पेटवल्याशिवाय मला पुढचा मुद्दा सुचत नाही. 'मालकाच्या धुरात कामगारानं का बसावं' या वाक्याला ही बराच वेळ खोकली. वाक्य लागलं म्हणायचं.

१२ जून
मेहुणी आली. नर्स आहे, बोलण्यातही सुई असते. म्हणाली, भाओजी, वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या धुरात बसणाऱ्यांना मधुमेहाचा धोका जास्त असतो. तुम्ही ओढता, ताई गिळते. म्हटलं, धूर फुप्फुसात, साखर पोटात, मधे दार कुठंय? म्हणाली, रक्तात.
उत्तर उद्या देईन.

१३ जून
उत्तराऐवजी तडजोड: कोपऱ्यात उभं राहून, हिच्याकडे पाठ करून ओढायची. ही म्हणते, पाठीला गाळणी नसते.

२० जून
हिला रोज चालायला पाठवतो. गॅलरीतून मी देखरेख करतो. तोंडात सिगारेट, पण हवा मोकळी.
ही पाणी फार पिते. उकाडा असेल. तसा पावसाचा गारवा आहे, मीच दिवसभर स्वेटर घालून होतो.

२४ जून
पेपरातली अक्षरं पुसट दिसतात म्हणाली. चष्मा बदलायला हवा. सभेनंतर नेतो.

२७ जून
सकाळ: सिगारेट सोडली. कायमची.
दुपार: घसा बसतोय. औषध म्हणून एक.
संध्याकाळ: औषधाचा कोर्स अर्धवट सोडू नये.

३ जुलै
रिपोर्ट आला. मधुमेह.
डॉक्टर म्हणाले, कारणं बरीच असतात. वय असतं, घराण्यातून आलेलं असतं, ते आपल्या हातात नाही. एक मात्र तुमच्या खिशात आहे. मी खिशावर हात ठेवला. ही गोळ्या कधी घ्यायच्या ते विचारून घेत होती. माझ्याकडे पाहिलं नाही.

५ जुलै
सभा गाजली. सेक्रेटरीनंही टाळ्या वाजवल्या. घरी सांगायला आलो तर कुलूप. मेहुणीकडे गेलीय. फोनवर म्हणाली, घरात ओढणं बंद झालं की येते. म्हटलं, ऐक, याला तीन बाजू आहेत. म्हणाली, भाषण नको.
हरकत नाही. योजना तयार आहे. उद्या पडदे धुवायचे. वास गेला की बंद झालं असंच वाटेल. मग गॅलरीत अधूनमधून.

६ जुलै
पडदे बादलीत भिजवले. पाणी काळ्या चहासारखं झालं. ओतलं, पुन्हा भरलं. तसंच. आणखी एकदा. तसंच.
पडदे दोन वर्षांपूर्वीचे. ही या खोलीत त्याच्या कितीतरी आधीपासून बसतेय.
बादलीशेजारी बसून राहिलो. मुद्दा सुचेना. सिगारेट पेटवावीशीही वाटेना.
घरात ओढणाऱ्या बंधूंनो, जास्त बोलत नाही. आज घरातला एक पडदा काढा आणि पाण्यात बुडवा.