अन्नपूर्णेच्या सिग्नलवर राहिलेली ओळ

मंगळवार, संध्याकाळ

अन्नपूर्णेच्या सिग्नलवर आता कॅमेरा गाड्या मोजतो आणि गर्दी नसली की लगेच हिरवा देतो. पूर्वी तिथे किती निवांत थांबायचो! मी स्कूटरवर शाळेतली कविता म्हणायची, मागे बसलेल्या बायकोने, कुसुमने, शेवटची ओळ पुरी करायची, हा आमचा जुना नेम. हल्ली ती बरंच विसरते, पण ती ओळ कधी चुकली नाही.

आज मी शेवटच्या ओळीपाशी थांबलो. ती गप्प. तेवढ्यात हिरवा! मागून कुणीतरी ओरडलं, "अरे काकाजी, कवि सम्मेलन घर पे करना!" कुसुम हसली. ओळ राहिलीच.

आठवली नाही, की वेळच मिळाला नाही? विचारावं का? आता घरी ती समोरच बसली आहे. पण इथे दिवा हिरवा होणार नाही. मग ओळ आठवली नाही, तर दोष कुणाला देऊ?