रिकाम्या झालेल्या दुसऱ्या शनिवारबाबत

प्रति,
मा. अधिकारी,
पालक-कुटुंब कक्ष, पुणे

विषय : दुसऱ्या शनिवारची ११ ते १ ही भेटीची वेळ रिकामी झाल्याने ती अर्जदारास मिळणेबाबत.
संदर्भ : आपले दि. २ जून २०२२ चे पत्र व त्यातील शेरा, "बालिकेस सदर कुटुंबाची ओढ आढळली नाही. पुढील भेटी अनावश्यक."

महोदय,

अर्जदार नसीमबानू इम्तियाज अत्तार, निवृत्त शाळा-लिपिक, सविनय कळविते की, कु. रझिया हिला तिची आई नजमा आजारातून उठेपर्यंत सांभाळण्यासाठी आपण अर्जदाराच्या घरी ठेवले. तेव्हा ती तीन वर्षांची होती. चार वर्षांनी, गेल्या महिन्यात, ती कात्रजला आईकडे परत गेली. त्याबद्दल तक्रार नाही. मूल आईचे, असे अर्जदाराने पहिल्याच दिवशी लिहून दिले आहे. तक्रार शेऱ्याची आहे.

१. आपल्या सूचनापत्रकातील कलम ९ सांगते की, सांभाळणाऱ्या स्त्रीने स्वतःस आई म्हणवून घेऊ नये. हे पत्रक किती घरांत वाचले जाते, देव जाणे. अर्जदाराने ते वाचले आणि स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर चिकटवले.

२. आल्याच्या नवव्या दिवशी रझियाने अर्जदाराला "अम्मी" म्हटले. अर्जदार म्हणाली, "खाला म्हण, म्हणजे मावशी. अम्मी शनिवारी भेटते." पोर हट्टी. कंगवा घेऊन "अम्मी, चोटी" करत मागे उभी राहिली. अर्जदार पाठमोरी तांदूळ निवडत बसली. तांदळात खडा नव्हता. अर्जदाराचे यजमान म्हणाले, "अगं, साहेब काय माळ्यावर बसून ऐकतायत?" शेवटी "खाला, चोटी" आले, तेव्हा वेणी घातली गेली. असे अकरा दिवस चालले. मग ती शिकली.

३. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आपल्या कार्यालयात मायलेकींची भेट होई. अर्जदार कलम १२ प्रमाणे जिन्यात थांबे. सहा वेळा नजमा आली नाही. सहाही वेळा अर्जदाराने रझियाला "बस चुकली असेल" असे सांगितले. खोटे बोलण्याविरुद्ध कलम आढळले नाही.

४. रझिया जाण्याआधी आपले गृहभेट अधिकारी श्री. मच्छिंद्र घरी आले. त्यांनी विचारले, "ह्या कोण?" "खाला." "अम्मी कोण?" "कात्रजला राहते ती." "खालाला सोडून जाशील ना?" रझियाने अर्जदाराकडे पाहिले. जाताना रडायचे नाही, अम्मीला वाईट वाटते, हे तिला आदल्या आठवड्यात समजावले होते. ती म्हणाली, "हो." श्री. मच्छिंद्र यांनी ओढ नसल्याचे लिहून घेतले. त्यांचा दोष नाही. उत्तरे चोख होती. चार वर्षे पाठ करून घेतली होती.

५. सबब विनंती की, नजमाची शनिवारची वेळ आता तिला लागत नाही, ती अर्जदारास द्यावी. दोन तास जास्त होत असतील तर एक द्यावा. खोलीत बसणे नियमात नसेल तर जिना अर्जदाराच्या सवयीचा आहे. रझियाने कोणतीही हाक मारली, तरी अर्जदार या वेळी पाठमोरी राहणार नाही.

आजवर सर्व कलमे पाळलेली,
आपली नम्र,
नसीमबानू इम्तियाज अत्तार
भवानी पेठ, पुणे
६ जून २०२२

सोबत :
१) सूचनापत्रक, तेलाच्या डागांसह.
२) कंगवा, एक. रझियाचा. सामानाच्या यादीतून राहिला होता; चुकून नव्हे.